घोडी उपाशी होती आणि तक्रार अदखलपात्र होती

आषाढात लग्नसराई संपते आणि मग तुळशीचे लग्न होईपर्यंत वरातीच्या घोड्यांना काम राहत नाही. ज्या मालकाने घोडा केवळ भाड्यासाठी बाळगला आहे, त्याला हे चार महिने निव्वळ खर्चाचे वाटतात आणि त्या खर्चात पहिली कपात चाऱ्याची होते. आमच्या गावाबाहेर नदीकाठी बाभळीला आखूड दोराने बांधलेली पांढरी घोडी अशाच कपातीची बळी होती. तिच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या, खोगिराखालच्या जुन्या जखमेत अळ्या पडल्या होत्या आणि खूर इतके वाढले होते की पाय टेकताना ती अडखळत होती.

पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केल्यावर डॉक्टर आले, त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि तपासणीचा दाखला लिहून दिला. दाखल्यावर ‘अशक्त’ एवढाच शेरा घेऊ नये. शरीराची स्थिती १ ते ९ या मापनात किती, जखम अंदाजे किती जुनी, खुरांची अवस्था काय, जागेवर चारा-पाणी आढळले की नाही आणि जनावर कामास योग्य आहे की अयोग्य, हे सर्व डॉक्टरांना विनंती करून लिहून घ्यावे, कारण पुढे प्रत्येक टेबलावर याच कागदाला वजन असते.

त्यानंतर मी पोलीस ठाण्यात गेले आणि तिथे सगळे अडले. ठाणे अंमलदारांनी दाखला वाचला आणि म्हणाले, “मॅडम, मालक गावातच आहे, घोडी त्याची आहे. ही एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, होईल. घोडी आम्हाला उचलता येणार नाही.” त्यांचे पहिले म्हणणे कायद्याला धरून होते, हे मान्य केले पाहिजे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ प्रमाणे जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३१ ने कलम ११ मधील मोजकीच पोटकलमे दखलपात्र ठरवली आहेत आणि उपासमार त्यांत नाही. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड तर आजही १० ते ५० रुपये आहे. जिवंत जनावराच्या भुकेची ही किंमत कायद्यात इतकी वर्षे तशीच राहावी, याचा मला तेव्हाही संताप आला आणि आजही येतो.

मात्र त्यांचे दुसरे म्हणणे, म्हणजे घोडी उचलता येणार नाही हे, मला पटले नाही. घरी येऊन मी अधिनियम मुळातून वाचला. त्याच्या कलम ३४ नुसार, या अधिनियमाखालील गुन्हा घडला आहे किंवा घडत आहे असे मानण्यास कारण असेल, तर शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी ते जनावर जप्त करून दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. या कलमात दखलपात्र आणि अदखलपात्र असा भेद केलेला नाही. तपास करणे वेगळे आणि जनावर तपासणीसाठी ताब्यात घेणे वेगळे. मी हेच पुन्हा ठाण्यात सांगितले, तेव्हा ‘साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या’ असे उत्तर मिळाले आणि पुढे तेच उत्तर मिळत राहिले. या काळात घोडी त्याच बाभळीखाली पावसात उभी होती, ही गोष्ट मला कोणालाच समजावून सांगता येत नव्हती.

खरी अडचण एका हवालदारांनी शेवटी मोकळेपणाने सांगितली. जप्त केलेली मोटारसायकल ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहू शकते. पण घोडी मुद्देमाल म्हणून आणली, तर तिला चारा कोण घालणार आणि ती दगावली, तर उत्तर कोण देणार? या प्रश्नात तथ्य होते. प्राण्यांचा सांभाळ करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेकडून मी लेखी हमी आणली की, जागा, चारा आणि उपचार यांची जबाबदारी ती घेईल. खटला चालू असताना जनावर अशा संस्थेकडे सोपवण्याची तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहेच. हमीपत्र, दाखला, तारखेसह छायाचित्रे आणि कलम ३४ चा स्पष्ट उल्लेख असलेला छोटा अर्ज मी ठाण्याच्या आवक विभागात दिला, पोचपावती घेतली आणि प्रती पोलीस उपअधीक्षक व जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्त यांना पाठवल्या. तोंडी विनंती किती वेळा केली, याची कुठे नोंद राहत नाही. आवक क्रमांक मात्र राहतो. त्यानंतर उपनिरीक्षकांनी स्वतः कलम वाचले, दोन पंच बोलावले आणि भर पावसात पंचनामा झाला. दोर सुटला तेव्हा मला रडू आवरले नाही.

या काळात अनेकांनी ‘पैसे द्या आणि घोडी विकत घ्या, प्रश्न मिटेल’ असे सुचवले. मी ते केले नाही. त्याच पैशांत मालकाने दुसरी घोडी आणली असती आणि ती याच झाडाला बांधली असती.

दंडाधिकाऱ्यांकडून अंतरिम ताब्याचा आदेश लवकर मिळाला. वाहतुकीसाठी घोडी प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र लागते. टेम्पो ठरवण्याआधी ते हातात असावे. संस्थेच्या पागेत इतर घोडे असल्यामुळे ग्लँडर्सच्या चाचणीचा अहवाल येईपर्यंत तिला वेगळे ठेवले. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते, त्यामुळे तिच्या रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पोहोचून अहवाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. अहवाल निर्दोष आला.

पहिल्याच दिवशी शेजारचे लोक प्रेमाने भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन आले, ते मला थांबवावे लागले. दीर्घकाळ उपाशी असलेल्या घोड्याला एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दिली, तर रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घटतात आणि हृदय बंद पडू शकते. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला दर चार तासांनी साधारण अर्धा किलो वाळलेला लसूणघास एवढेच सांगितले आणि मात्रा हळूहळू वाढवली. नालबंदाकडून खूरही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने कापून घेतले. दात तपासून घ्यायला विसरू नये. कडा धारदार झाल्या असतील, तर घोडा चावूच शकत नाही आणि कितीही चारा दिला तरी अंगी लागत नाही.

वजनकाटा नसल्यास छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणून ११,८८० ने भागावे. वजन किलोमध्ये मिळते. आम्ही हा आकडा दर आठवड्याला वहीत लिहिला आणि चारा, औषधे, नालबंद यांच्या पावत्या त्याच वहीत चिकटवल्या. पुढे मालकाने घोडी परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केला, तेव्हा वाढत गेलेल्या वजनाची ती वही आणि पहिल्या दिवसाचा दाखला शेजारी शेजारी ठेवता आला. अर्ज फेटाळला गेला. खटला अजून चालू आहे आणि घोडी संस्थेच्याच ताब्यात आहे.