कुणी न मागितलेलं

वर्तमानपत्रातला लेख कुणीतरी मागवलेला असतो, पुस्तकामागे प्रकाशक असतो, माहितीपत्रकामागे दवाखाना. ब्लॉग मात्र कुणीच मागितलेला नसतो. दिवसाची कामं आटोपल्यावर कुणीतरी बसतं आणि मनाला येईल ते, येईल तेवढं लिहितं. संपादक नाही, शब्दमर्यादा नाही, मानधन तर नाहीच. म्हणून त्यात पाल्हाळ असतं, शुद्धलेखनाची ऐशीतैशी असते आणि दुसरीकडे कुठेच सापडणार नाही असा मजकूरही असतो.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं घ्या. माहितीपत्रक 'हालचाल हळूहळू वाढवावी' एवढं सांगून मोकळं होतं. त्यातून गेलेल्या माणसाचा ब्लॉग उघडला की कळतं, मोजा घालायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. चार्जरची वायर अंथरुणापर्यंत पोचत नाही. भिंतीला टेकवलेली काठी घसरते ती नेमकी हात पोचणार नाही अशा जागी पडते. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिकत सांगून दुखण्यापेक्षा सांगण्याचाच शीण येतो. यातलं एकही वाक्य कुठल्या संपादकानं ठेवलं नसतं; ज्याची तारीख ठरली आहे त्याला मात्र हेच हवं असतं. (औषधाचं तेवढं डॉक्टरांनाच विचारावं. ब्लॉगवाले तिथे फार सुटतात.)

ब्लॉग वाचण्यातली दुसरी गंमत त्याच्या मांडणीत आहे. नवी नोंद सगळ्यात वर, जुनी खाली. म्हणजे अनोळखी माणसाचं आयुष्य आपण उलटं वाचतो. एका ब्लॉगवर मला पहिल्यांदा भेटला तो गेलेला कुत्रा. त्याचं पाण्याचं भांडं हलवावं की नाही, यावर मालकानं दोन परिच्छेद लिहिले होते. खाली सरकत गेलो तसा कुत्रा बरा होत गेला. त्याला जिना चढता येऊ लागला, मग तो आल्यागेल्यावर भुंकू लागला, आणि अगदी तळाशी खोक्यात बसून चपलेचा पट्टा चावत होता. त्या दिवशी मालकाला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, मला सगळं ठाऊक होतं. आत्मचरित्रात हे घडत नाही. तिथे लेखकाला पुढचं माहीत असतं आणि त्या बेतानं तो मागचं सगळं लावून घेतो. ब्लॉगवाल्याला उद्याचाही पत्ता नसतो. 'ही नोकरी मला मानवली' असं तो ठासून लिहितो आणि चार नोंदींनंतर राजीनामा देतो. आधीचं खोडत मात्र नाही, हा त्याचा मोठेपणा. किंवा आळस.

लिहायचंच आहे तर डायरी काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट काही नाही, पण डायरीत माणूस सुस्तावतो. 'आज पुन्हा तेच' एवढं लिहून वही मिटता येते. अनोळखी वाचकाला 'तेच' म्हणजे काय ते सांगावं लागतं. कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो, राग नेमका कशाचा आला. असं सांगता सांगता तिसऱ्या परिच्छेदाशी पुष्कळदा मला उमगतं, की राग त्या माणसाचा नव्हताच. ऐन वेळी आपल्या तोंडून शब्द फुटला नाही, त्याचा होता.

आणि डायरीवाले तरी कुठे एवढे एकांतप्रिय असतात? लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं १६६० ते १६६९ अशी रोजनिशी लिहिली, तीही लघुलिपीत. शहराला आग लागली तेव्हा आपण दारू आणि चीज खड्ड्यात पुरून ठेवलं, असलं बारीकसारीकही त्यात आहे. पण याच गृहस्थानं ते खंड नीट बांधून आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवले आणि पुढे तो सगळा संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे जाईल अशी तजवीज केली. ती लघुलिपी शिकवणारं पुस्तकही त्याच संग्रहात! १८२५ साली रोजनिशीतला निवडक भाग छापून आला. कुणाच्या हाती पडू नये आणि पडली तर बरंच, असा हा दुटप्पी हिशेब प्रत्येक ब्लॉगवाल्याच्या ओळखीचा आहे.

आता ब्लॉग वाचतं कोण, हेही ऐकून झालंय. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला, तेव्हा ब्लॉग वाचायची एक सोयीची जागा गेली, हे खरं. पुढे काय वाचायचं ते समाजमाध्यमांवरची सतत सरकणारी यादी, म्हणजे फीड, ठरवू लागली, आणि फीडला कालचंही शिळं वाटतं. ब्लॉगवरची २००८ची नोंद मात्र आजही कुणी अडलेला शोधत शोधत येऊन वाचतो. ब्लॉगवरची नवी नोंद आपोआप आपल्यापर्यंत आणून देणारी आरएसएस ही सोयसुद्धा चालू आहे. वाचायच्या ॲपमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की झालं.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. ज्याच्या जागेवर आपण लिहितो तोच कधीतरी गाशा गुंडाळतो. जिओसिटीज या कुणालाही स्वतःचं पान मांडू देणाऱ्या संकेतस्थळावरची असंख्य घरगुती पानं २००९ मध्ये अशीच गेली. जुनी संकेतस्थळं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं आणि काही हौशी मंडळींनी धावपळ करून वाचवली तेवढी वाचली. तेव्हा आपल्या नोंदींची एक प्रत आपल्याकडे उतरवून ठेवावी. आणि 'बऱ्याच दिवसांत लिहायला जमलं नाही, क्षमस्व' ही सुरुवात एकदाची सोडून द्यावी. कुणी खोळंबलेलं नसतं. सरळ विषयाला हात घालावा.