लिंबूटिंबूला आधी सोडा: आमच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीची गोष्ट

आमच्या फलटणला नीरा उजव्या कॅनॉलच्या कडेनं रोज सकाळी पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, ग्रुप म्हणजे काय तर ज्यांची तोंडं रोज दिसतात ते सगळे. पोलीस भरतीची पोरं आहेत, पोस्टातून रिटायर झालेले एक काका, दोन शाळेतल्या मॅडम, एक बँकवाला, बारा वर्षांची एक पोरगी बापाबरोबर येणारी, आणि डेअरीवाल्या वहिनी ज्यांना डॉक्टरनं शुगरसाठी चालायला सांगितलं होतं आणि त्या चालता चालता कधी पळायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. दिवाळीनंतर कुणीतरी म्हणलं आपली आपण एक शर्यत घेऊया आणि नेहमीप्रमाणे ज्यानं मान डोलावली त्याच्याच गळ्यात पडलं, म्हणजे माझ्या.

आता साधी शर्यत घ्यायला काय, रेघ मारा आणि सोडा. पण मग निकाल आजच लिहून ठेवता येतो की. भरतीची पोरं सोळाशे मीटरची तयारी करणारी, त्यांच्यापुढे कोण टिकणार? आणि वयोगट पाडावेत तर ३८ नावं आलेली, त्यात पुरुष-बाई आणि पाच-सहा गट केले की एकेका गटात तीन माणसं आणि तीन नंबर, म्हणजे आला तो जिंकला. असली बक्षिसं घरात ठेवायला पण लाज वाटते.

मग मी एज ग्रेडिंगच्या नादी लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जगभरच्या मास्टर्स, म्हणजे वयानं मोठ्या, धावपटूंच्या वेळांवरून टेबलं बनवलेली आहेत, तुमच्या वयाला आणि तुम्ही बाई की पुरुष त्याप्रमाणे जगातली सर्वोत्तम वेळ किती असू शकते ते त्यात असतं, त्याला तुमच्या वेळेनं भागायचं की टक्के मिळतात. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ ला १३ जणांवर सुरू झालेलं पार्करन, म्हणजे दर शनिवारचं पाच किलोमीटरचं पळणं, आहे ना, ते निकालात हेच टक्के देतात. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं, शाळेसारखे मार्क, सगळे एका यादीत!

एक्सेल उघडून बसलो आणि दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे जन्मतारीख. साठीच्या पुढची नऊ माणसं, त्यातल्या पाच जणांच्या आधारवर १ जून. आपल्याकडं हे सगळ्यांना माहितीय, शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे पोरगं कधीचं, आई म्हणायची पेरणीच्या टायमाला, मास्तर लिहायचे १ जून. पोस्टातले काका आधारवर ७१. पण ते स्वतःच सांगतात की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो, वर्गातली पाटी खाली पडलेली मला आठवते. तो भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे काका खरे ६७-६८ वर्षांचे. त्या वयात टेबलात तीन वर्षांनी पाच किलोमीटरला जवळजवळ मिनिटाचा फरक पडतो, आणि आमच्या शर्यती सेकंदावर जाणाऱ्या. काकांना म्हणलं तर ते म्हणाले, "पेन्शन त्याच तारखेवर चालू आहे, तू उगाच काही उकरून काढू नको." बरोबरच आहे. फौजासिंगांनी २०११ ला टोरांटोत शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण केली पण जन्मदाखला नाही म्हणून गिनेसनं रेकॉर्ड मानलं नव्हतं, तर आमच्या काकांचं काय घेऊन बसता.

दुसरी गोष्ट जास्त लागली मनाला. टक्के काढले तर भरतीतल्या सगळ्यात फास्ट पोराला सत्तरच्या आसपास, काकांना पंचावन्न-साठच्या मध्ये, आणि वहिनींना पस्तीस. काठावर पास! ज्या बाईनं पहाटे चारला उठून दूध घालून मग सातला कॅनॉलवर यायचं तिच्या हातात पस्तीस मार्कांचा कागद द्यायचा? टेबलाची चूक नाही ती, टेबल तुमचं वय वजा करतं, पण तुम्ही लहानपणापासून पळताय का अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू केलंय हे त्याला कुठून कळणार. त्यामुळं ज्याला आधीच येतंय तोच परत वर.

तेव्हा बँकवाल्याचे सासरे आले होते, मुंबईत आयुष्य काढलेले आणि महालक्ष्मीला घोड्यांवर बऱ्यापैकी पैसे घालवलेले, ते म्हणाले अरे रेसमध्ये जो घोडा जास्त चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन टाकतात, तसं करा की. वजन तर टाकता येणार नाही पण वेळ टाकता येते. मी शोधलं तर अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिप्सी नावाची शर्यत १९०५ पासून चालू आहे, डोंगरातली, बारा किलोमीटरच्या आसपास, तिथं वय बघून म्हातारे आणि पोरं आधी सोडतात आणि तगडे मागून, आणि जो आधी पोचला तो जिंकला, बास. २०१० ला तिथं आठ वर्षांची मुलगी पहिली आली होती! फक्त आम्ही वय बघायचं नाही असं ठरवलं, ज्याचा त्याचा स्वतःचाच टाइम बघायचा. म्हणजे गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबूला सूट द्यायचो तेच, फक्त इथं प्रत्येकजण आपापल्या मापाचा लिंबूटिंबू.

तीन आठवडे आधी ट्रायल घेतली. वहिनी सगळ्यात हळू, ४६ मिनिटं. काका ३० मिनिटं २० सेकंद. भरतीवाला १८ मिनिटं २० सेकंद. मग हिशोब सोपा, वहिनी सातला सुटणार, काका त्यांच्यानंतर १५ मिनिटं ४० सेकंदांनी, आणि पोरगं २७ मिनिटं ४० सेकंदांनी. सगळे ट्रायलसारखेच पळाले तर सगळे ७ वाजून ४६ मिनिटांनी एकदमच रेघेवर. जो त्या दिवशी स्वतःपेक्षा चांगला पळेल तो पुढे. ह्याच्यात वेळ मोजायची चिप लागत नाही, छातीवर नंबरचा बिब लागत नाही, एक घड्याळ चालू करायचं ते बंदच करायचं नाही आणि रेघेवर कोण आधी आलं एवढं लिहायचं. मला तर हा शोध कुणाला दाखवू आणि कुणाला नको असं झालेलं.

पण माणूस तो माणूस. ट्रायलच्या दिवशी बँकवाले साहेब शेवटचा किलोमीटर चक्क फोनवर बोलत चालत आले, ३१ मिनिटं. त्यांच्या स्ट्रावावर, म्हणजे पळणं मोजायच्या ॲपवर, दोन महिन्यांपूर्वीचे २६ सगळ्यांनी लाईक केलेले. विचारलं तर म्हणे त्या दिवशी पाय दुखत होता. मग नियम केला, ट्रायल आणि गेल्या तीन महिन्यांतलं स्ट्रावा यातलं जे चांगलं ते धरणार. साहेब चार दिवस गुड मॉर्निंग पण घालेनात ग्रुपवर. आणि दुसरा नियम, आपल्या धरलेल्या वेळेपेक्षा आठ टक्क्यांच्या वर सुधारणा केली तर पहिल्या तिनात धरणार नाही, त्याला वेगळं बक्षीस. ह्या आठ टक्क्यांवर खूप भांडणं झाली. मॅडमचं म्हणणं की नवीन माणूस तीन आठवड्यात खरंच दहा टक्के सुधारतो, त्यानं काय पाप केलं? खरंय त्यांचं. मला आजही त्याचं उत्तर सापडलेलं नाही, आठ हा आकडा मी रात्री साडेअकराला कंटाळून टाकलेला आहे.

परवानग्या, ॲम्ब्युलन्स, केळी, ते सगळं सगळ्यांना माहितीच आहे, त्यात काय वेगळं नाही. एक सांगतो, अंतर मोजायला रस्त्याच्या कॉन्ट्रॅक्टर मित्राकडून मोजायचं चाक आणलं होतं, अडीच किलोमीटर जाऊन पत्र्याच्या ड्रमला वळसा घालून परत. खरं तर आमच्या पद्धतीत अंतर बरोब्बर पाच असायची पण गरज नव्हती, ट्रायल आणि शर्यत एकाच रस्त्यावर असली की झालं. हे वाक्य मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत फिरत होतो, आता कळेल का सांगतोय ते.

शर्यतीचा दिवस जानेवारीतला रविवार. कॅनॉलवर धुकं इतकं की पन्नास पावलांवरचं दिसेना. ३८ पैकी ३१ जण आले. सात वाजता वहिनी एकट्या रेघेवर उभ्या, साडीवर स्वेटर, पायात लेकाचे बूट. मी "सुटा" म्हणलं आणि त्या एकट्या धुक्यात गेल्या, मागं तीस माणसं टाळ्या वाजवतायत, त्या लाजून तोंडावर पदर घेऊन पळतायत. नंतर एकेक, बारकी पोरगी, मॅडम, काका. भरतीवाला पोरगा शेवटी, तो अर्धा तास थंडीत उड्या मारत होता आणि मला दर दोन मिनिटांनी विचारत होता, "सर, आता सोडा ना."

आणि मग काहीच नाही. बराच वेळ नुसतं घड्याळ आणि धुकं. पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांचा टेपरेकॉर्डर ऐकू येतोय फक्त. ७:४४ झाले तरी कुणी नाही, माझ्या पोटात गोळा, म्हणलं काहीतरी चुकलं. आणि ७:४५ नंतर धुक्यातून एकदम माणसंच माणसं बाहेर पडली. वहिनी पुढं, त्यांच्या मागं वीस पावलांवर काका, आणि त्या दोघांच्या मागं पोरगा असा येतोय की जणू त्याच्यामागं पोलीस लागलेत. सगळे ओरडतायत, कुणाला ओरडतायत ते पण कळेना. पोरानं शेवटच्या पन्नास मीटरमध्ये दोघांना गाठलं. तो ७:४६:०८, काका ७:४६:१५, वहिनी ७:४६:२५. अठरा मिनिटं नि तीस मिनिटं नि सेहेचाळीस मिनिटं पळणारी तीन माणसं सतरा सेकंदात! मी तिथंच ठरवलं की आपण फार हुशार आहोत.

संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे स्ट्रावाचे फोटो. ५.११, ५.१२, ५.१३. पहिल्यांदा म्हणलं घड्याळं दाखवतातच थोडं जास्त. पण सगळ्यांचीच? आणि ट्रायलला तर पाचच दाखवलं होतं. मग वळणावर उभ्या केलेल्या पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, ड्रमच्या जागेवर ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मी ड्रम थोडा पुढं नेला." थोडा म्हणजे किती, तर सोमवारी चाक घेऊन गेलो, ६० मीटर. जाऊन येऊन १२०.

तुम्ही म्हणाल सगळ्यांनाच १२० मीटर जास्त पळावं लागलं, मग काय बिघडलं. मला पण पाच मिनिटं तसंच वाटलं. पण ते १२० मीटर पळायला भरतीवाल्याला २६-२७ सेकंद लागतात आणि वहिनींना एक मिनिटाच्या वर. आणि सूट तर आपण पाच किलोमीटरचीच दिलेली. रात्री एक्सेल उघडून सगळ्यांच्या वेळा पाच किलोमीटरच्या प्रमाणात काढल्या. वहिनी ४५:२०, म्हणजे स्वतःपेक्षा ४० सेकंद भारी. काका २९:५२, ते २८ सेकंद. पोरगा १८:०२, तो १८ सेकंद. निकाल पुरता उलटा! पहिली वहिनी, तिसरा तो.

ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवस दुसरा विषय नाही. अर्धे म्हणाले रेघेवर जो आधी आला तो आधी, हाच तर आपला नियम होता, आता घरी बसून गणितं कसली करताय. अर्धे म्हणाले चूक आयोजकाची, भुर्दंड वहिनींना का. काका म्हणाले मी दोन्हीकडं दुसराच आहे, मला जेवायला बोलावलंत तर येईन. पोरानं ट्रॉफी परत देतो म्हणून मेसेज केला, मीच नको म्हणलं, त्यानं काही चोरलेली नाही, तो जीव तोडून पळाला होता हे मी डोळ्यानं बघितलंय. शेवटी माझ्या खिशातून दुसरी ट्रॉफी केली, तशीच, त्याच दुकानातून, आणि दोन्ही याद्या जाहीर केल्या. कुणालाच पूर्ण पटलं नाही.

ट्रॉफी द्यायला डेअरीवर गेलो. वहिनी कॅनचं माप घालत होत्या, हात पुसून त्यांनी ट्रॉफी घेतली, फ्रीजवर ठेवली, गिऱ्हाईक होतं त्याला अर्धा लिटर दिलं, आणि मग मला विचारलं, "पुढच्या वेळी पण मी सातलाच का?"

मी म्हणलं, "नाही वहिनी, आता तुमचा टाइम ४५:२० धरणार. म्हणजे बाकीचे होते तिथंच राहिले तर तुमची सूट चाळीस सेकंदांनी कमी."

"म्हणजे मी चांगली पळाले म्हणून शिक्षा?"

मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, घोडे, वजन वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

येताना हार्डवेअरमधून पिवळा ऑइलपेंट घेतला. आता वळायच्या जागेची रेघ कॅनॉलच्या दगडी कठड्यावर आहे, ट्रॉली उभी असली तरी दिसते.