काचबिंदूचे निदान
आज दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे होते, आणि बराच वेळ एकही ठिपका न दिसल्याने यंत्र थांबले असावे असे मला वाटले; प्रत्यक्षात माझ्या उजव्या डोळ्याला ते दिसतच नव्हते. साधारणपणे १० ते २१ मिमी पारा असणारा डोळ्यातील दाब २८ निघाला. गेलेली नजर परत येत नाही, मात्र रोज न चुकता थेंब घातल्यास उरलेली बहुधा टिकते, असे डॉक्टरांनी समजावले. आईला अखेरीस उंबरठा दिसत नसे आणि आम्ही तो वयाचा दोष मानला, याची फार खंत वाटते. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो, म्हणून धाकट्या भावाला लगेच तपासणीची वेळ घ्यायला लावली. रात्री पहिला थेंब घालून, डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरला, तेव्हा त्या अंधाराची मला खरोखर भीती वाटली.