रंग वाळेपर्यंत : आमची वाटचाल

चिखलदऱ्यातल्या आमच्या बोर्ड रंगवायच्या दुकानाच्या भिंतीवर एक ओळ लिहिली आहे, माझ्याच हातची : 'मृग लागल्यावर ऑइल पेंटची ऑर्डर घेतली जाणार नाही.' पर्यटक तिचा फोटो काढतात आणि हसतात. गावातले लोक हसत नाहीत, कारण ती ओळ लिहायची पाळी कशी आली हे त्यांना ठाऊक आहे.

चिखलदरा 1118 मीटर उंचीवर आहे. खाली अकोला-अमरावतीत मे महिन्यात डांबर वितळत असतं, तेव्हाही इथे संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. लोक मात्र खऱ्या अर्थाने येतात ते पावसाळ्यात. धुकं, धबधबे, भाजलेलं कणीस, हातात रबडीचा द्रोण. म्हणजे गावाचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि हॉटेलवाल्याला, टपरीवाल्याला, जीपवाल्याला बोर्डाची आठवण होते ती पहिला ढग देवी पॉइंटवर टेकला की. आमचा धंदा पावसाळ्यात आणि आमचा रंग वाळणार उन्हाळ्यात. या एका भांडणात आमची सगळी वर्षं गेली.

ऑइल पेंट नुसता सुकत नाही. आधी त्यातलं टर्पेन्टाइन उडून जातं, मग उरलेलं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं. ऊन आणि खेळती हवा असली तर रात्रीतून बोट लावण्याजोगा होतो. पण जुलैत इथे धुकं उंबरा ओलांडून आत येतं. वही ओली, काड्यापेटी ओली, खुंटीवरचा शर्ट ओला. अशात रंगवलेला बोर्ड सकाळी बघा, लाल रंगावर पांढुरकी साय आलेली असते. चमक गेली ती गेली.

दुकान काढलं त्याच वर्षीची गोष्ट. बस स्टँडच्या अंगाला पत्र्याचा गाळा, भाडं थकलेलं, आणि एका लॉजचा आठ बाय चारचा बोर्ड मिळाला. तोवरचं सगळ्यात मोठं काम. मालकाला शनिवारी हवा होता आणि तो दिवस गुरुवार. मी रंगात तो लवकर वाळवणारा ड्रायर टाकला, वर अजून टाकला. ड्रायर जास्त झाला की वरची कातडी झटकन धरते आणि आतला रंग ओलाच राहतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. रात्री बोर्डावर दोनशे वॅटचे दोन बल्ब टांगले, म्हटलं, ऊब लागेल. दार लोटून घरी गेलो. सकाळी दार उघडलं तर बोर्डाच्या पांढऱ्या जमिनीवर पाखरंच पाखरं. पावसाळ्यातली उजेडाला येणारी सगळी जात, पंखांसकट चिकटलेली. काही अजून फडफडत होती. चिमट्याने काढायला गेलो तर पंख राहिला आणि पाखरू आलं. खालच्या ओळीतल्या 'गरम पाण्याची सोय' या अक्षरांना म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या पडलेल्या.

मालक आला, बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "पेंटर, इतके पाखरं काहून लावले बाप्पा?"

पैसे त्याने दिले, अर्धे. तो बोर्ड खरवडून पुन्हा केला तेव्हा नवरात्र आलं होतं आणि हंगाम संपला होता. त्याच दिवशी मी भिंतीवरची ओळ लिहिली.

काम शिकलो परतवाड्याला, एका उस्तादाकडे. दहावीनंतर तीन वर्षं नुसते डबे धुतले म्हटलं तरी चालेल. ब्रश रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाने, मग ओठांनी टोक करून ठेवायचा. सुताला काव लावून बोर्डावर ताणायचा आणि मधोमध उचलून सोडायचा, टण्ण, की रेघ उठते. ती शिरोरेघ. उस्ताद म्हणायचे, अक्षर शिरोरेघेला लटकलेलं दिसलं पाहिजे, तिच्यावर बसलेलं नाही. आणि दुसरं म्हणायचे ते जास्त कामाचं : नाव लिहिण्याआधी ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडून ऐकून घे, ऑर्डर आणणाऱ्याच्या तोंडून नको.

हे मेळघाटात फार लागतं. कोरकू आडनावं कागदावर एक आणि तोंडात एक. बेठेकर, कास्देकर, जांभेकर, धांडे ही तरी लोकांना माहीत झाली. गावांच्या नावांचे हाल विचारू नका. एकाच फाट्यावर तीन बोर्ड असतात आणि तिन्हींवर त्याच गावाचं नाव वेगवेगळं. खुद्द आमच्या गावाचं नाव घ्या. बाहेरचे लोक चिखल झालेला बघून म्हणतात, बरोबरच आहे नाव. आम्ही सांगतो, भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, ती कीचकदरा. भीमकुंडात त्याने हात धुतले. इंग्रजांना हे ठिकाण सापडलं ते 1823 मध्ये, कॅप्टन रॉबिन्सनला. 'सापडलं' म्हणायचं, कारण गवळी-कोरकू इथे आधीपासून राहतच होते आणि वीस वर्षांपूर्वी, 1803 च्या डिसेंबरात, वेलस्लीच्या फौजेने शेजारचा गाविलगड घेतलाच होता. हे सगळं मला कसं माहीत? माहितीफलक रंगवून. पेंटरला इतिहास दर फुटाच्या भावाने शिकायला मिळतो.

मग फ्लेक्स आलं. त्याबद्दल रडगाणं गायचा माझा इरादा नाही, कारण सहा-सात वर्षं आमचं घर फ्लेक्सनेच चालवलं. मशीन घ्यायची ऐपत नव्हती आणि इथल्या विजेवर ते टिकलंही नसतं. मी ऑर्डर घ्यायची, डिझाइन परतवाड्याला पाठवायचं, आणि संध्याकाळच्या एसटीने कंडक्टरच्या ओळखीवर गुंडाळी यायची. वाढदिवस, दशक्रिया, कबड्डीचे सामने, गणेश मंडळ, भागवत सप्ताह, पर्यटन महोत्सव, 'भावी' लावलेले सगळे उमेदवार. गावात काय घडणार आहे हे आमच्या दुकानाला चार दिवस आधी कळायचं. कोणाचं लग्न मोडलं हेही, कारण ऑर्डर रद्द व्हायची.

पण इथला वारा फ्लेक्सला ऐकत नाही. हरिकेन पॉइंट हे नाव उगाच नाही. आम्ही मधोमध अर्धचंद्रासारख्या चिरा द्यायचो, वारा आरपार जावा म्हणून. तरी आयलेटपाशी फाटायचंच. जे वाऱ्याने सोडलं ते वानरं ओढायची. आणि खाली पडलेलं फ्लेक्स कधी वाया गेलं नाही. आजही मेळघाटात कुठल्याही गोठ्याचं, खव्याच्या भट्टीचं छप्पर बघा, चार निवडणुका उलट्या टांगलेल्या दिसतील. 1 जुलै 2022 पासून शंभर मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर बंदी आली, तेव्हा छपाईवाल्यांनी जाड माल दाखवायला सुरुवात केली आणि भाव चढला. गवळी मात्र नाराज झाले नाहीत. जाड माल छपराला चांगला.

हाताचं काम परत आलं ते हळूहळू, आणि त्याला कारण मी नव्हे. होम-स्टे वाढले. पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांना रंगवलेली भिंत हवी असते, तिच्यासमोर उभं राहायला. शिवाय कायदा आला. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावणं सक्तीचं झालं, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. लोकांनी दीड वर्ष कानाआड केलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा सगळे एकदम धावत आले. त्याच कायद्यात असंही आहे की दारू विकणाऱ्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव चालणार नाही. एक गृहस्थ माझ्यापुढे बसून होते, किल्ल्याचं नाव हवंच म्हणून. मी म्हटलं, भाऊ, दरीचं घ्या, दरीवर बंदी नाही. घेतलं.

लाकडी बोर्डाचं काम आम्ही एका कोरकू कारागिराबरोबर करतो. त्यांना मी दादा म्हणतो, सत्तरी गाठली असेल. जुन्या घरांचं उतरवलेलं सागवान, त्यात ते अक्षरं कोरतात आणि मी रंग भरतो. लिहिता-वाचता त्यांना फारसं येत नाही. खडूने मी काढून देतो, ते चित्र समजून कोरतात, म्हणून त्यांचा 'ळ' माझ्यापेक्षा देखणा येतो. खरं त्यांचं काम मुंड्याचं. घरातलं माणूस गेलं की कोरकू लोक त्याच्या नावाने सागाचा कोरीव खांब उभा करतात, तो मुंडा. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार.

एका रिसॉर्टवाल्याने इंटरनेटवर मुंड्याचा फोटो बघितला आणि अगदी तसेच दोन खांब गेटला पाहिजेत म्हणाला. पैसे चांगले देत होता. त्या वर्षी आमच्या पोरीची कॉलेजची फी भरायची होती, हेही सांगून टाकतो. मी आकडा कागदावर लिहून दादांकडे गेलो. ते पटाशीला धार लावत होते. फोटो बघितला, पटाशी खाली ठेवली.

"ये गुजरे हुए का रहता भाऊ. होटल में कौन मरा?"

बस. मी परत आलो. रिसॉर्टवाल्याला बांबूची चौकट आणि मोर करून दिला, तोही त्याला आवडला. मी तो आकडा घेऊन गेलोच कसा, हे मात्र मनातून जात नाही. चार मुंडे मी पाहिले होते, अंत्यविधीच्या जेवणाला पंगतीत बसलो होतो, तरी गेलो.

होळीला आमचं दुकान पाच दिवस बंद असतं. दादा नसतात, हाताखालचा पोरगा नसतो. बाहेर कामाला गेलेला मेळघाट होळीला घरी परततो, ढोल-बासरी वाजते, रस्त्यात दोरी धरून फगवा मागतात. पहिल्या वर्षी मी पोराचे पैसे कापले होते. आता होळीच्या आधी ॲडव्हान्स देतो, कारण तो मागणारच, आणि मग त्याच्याच टोळीला रस्त्यात फगवाही देतो.

लेबलांचा भाग सगळा आमच्या सौभाग्यवतींचा. बचत गटाच्या बायका मध घेऊन आल्या, मग मोथा गावाकडची स्ट्रॉबेरी, जॅम, इथली कॉफी. पहिलं लेबल तिने फार सुंदर केलं होतं, कागदावर. बाटली धुक्यात दोन दिवस राहिली आणि लेबल दाढीसारखं सुटून आलं. शिवाय त्यावर परवाना क्रमांकच नव्हता. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक लागतो, निव्वळ वजन लागतं, तारीख लागते. तेव्हापासून तिची पद्धत अशी की बाई दुकानात आली की आधी चौदा आकडे, मग चहा, मग मधमाशीचं चित्र. लेबल आता प्लास्टिकच्या स्टिकरवर छापून येतं. दुकानाचा निम्मा गल्ला हल्ली तिच्या टेबलावरून येतो. ती हे बोलून दाखवत नाही. महिन्याच्या शेवटी वही माझ्याकडे सरकवते, तेवढंच.

2020 च्या मार्चमध्ये घाट बंद झाला, तेव्हा पर्यटक नाही, लग्न नाही, सप्ताह नाही. एका कार्यालयाने गावोगावच्या भिंतींवर मास्कचे संदेश लिहायला सांगितले, कोरकूतही. कोरकू बोलायची भाषा, देवनागरीत लिहिताना पाण्याला 'डा' लिहिलं तरी शेवटी गळ्यात जो अडका बसतो तो कुठल्या चिन्हाने दाखवायचा, यावर आम्ही एका ओसरीवर अख्खी दुपार घालवली. हाताखालचा पोरगा म्हणाला, "लिहा तसंच, वाचणाऱ्याला माहीत असते." तसंच लिहिलं. सव्वीस गावं केली. त्या कामाचं बिल अजून यायचं आहे. फाइल कुठे आहे विचारायला गेलं की पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतात, आणि मला वाटतं टेबलं संपली असावीत.

आता गाळा स्वतःचा आहे. मागे पत्र्याची एक सुकवण-खोली बांधली आहे, खिडकीला बारीक जाळी, आत बल्ब आणि एक जुना टेबलफॅन. पाखरू शिरत नाही. तरी भिंतीवरची ओळ पुसलेली नाही.

यंदा ती मोडली. मृग लागून आठ दिवस झाले होते, दादा नातीला घेऊन आले. तिने भीमकुंडाच्या रस्त्याला चहा-कणसाची टपरी टाकली आहे. दोन फुटांची पाटी, सागाची, अक्षरं त्यांनीच कोरून आणलेली, फक्त रंग भरायचा. मी भिंतीकडे बघितलं, दादांनीही बघितलं. वाचता येत नसलं तरी त्या ओळीत काय आहे ते त्यांना पाठ आहे. मी नातीला नाव विचारलं, तिने सांगितलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. कोरलेलं बरोबर होतं.

आज चौथा दिवस. फॅन चालू आहे, बल्ब चालू आहे. सकाळी करंगळी लावून बघितली, कान्यांचा रंग धरला आहे, पण खोल कोरलेल्या गाठींत अजून चिकट लागतो. नात दोनदा येऊन गेली. उद्या ये म्हटलं आहे.