अहो, अगं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप काही येत नाहीये. कालच टूरवरून सांगलीला पोचले, बॅग अजून हॉलमध्येच आहे, पण हे आधी लिहायचंय.

मुंबई एअरपोर्टवर टूर मॅनेजर नावं वाचत होता आणि मागून "हजर" ऐकू आलं. वळून बघायची गरजच नव्हती. १९८६ ला विलिंग्डनला आम्ही एस.वाय.ला होतो, कॉलेज सुटलं की विश्रामबागेतून सायकलवर आयर्विन पुलापर्यंत यायचो आणि पुलावर मात्र सायकली हातात धरून चालायचो, म्हणजे पूल लवकर संपायचा नाही. मग घरी कळलं, तो पुण्याला गेला, दोन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. चूक माझीच, त्याची नाही.

आणि आता ३८ वर्षांनी हा माणूस मला तीन दिवस अहो-जाहो करत होता! "तुमची बॅग घेऊ का", "तुम्हाला खिडकी हवी का". ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली हे त्याला माहीत होतं म्हणे. त्याची बायकोही गेली हे मला स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला कळलं, तिथल्या जुन्या लाकडी पुलावर. १९९३ ला तो पूल आगीत बराचसा जळाला होता, परत बांधला, असं मॅनेजर सांगत होता आणि हा हळूच म्हणाला, "पूल म्हटलं की आपला..." आणि थांबला. मग एकदम, "तुमच्याकडं पाऊस कसाय यंदा?" मला इतकं भरून आलं की मी नुसतीच नदीकडं बघत बसले.

चौथ्या दिवशी युंगफ्राउयोख. आयगर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून ट्रेन वर जाते, ३४५४ मीटर, बाहेर सगळा बर्फ. सगळ्यांना भूक लागलेली म्हणून मी भडंगाचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं, वर हवेचा दाब कमी ना. कोपरा ओढला आणि फट्टकन फुटलं! चुरमुरे, शेंगदाणे, लसणाच्या कुरकुरीत पाकळ्या सगळ्या त्याच्या जॅकेटवर, काही माझ्या केसांत, आणि तो ओरडला, "अगं, डोळ्यात गेलं का तिखट?"

अख्खा ग्रुप गप्प. मिरजेच्या काकू तर खाता खाता थांबल्या.

"नाही रे," मी म्हटलं.

रे कसं आलं तोंडात मला कळलंच नाही. मग तो माझ्या केसांतला एकेक चुरमुरा काढत बसला आणि मी काढू दिले. खाली येईपर्यंत आम्ही बोलतच होतो, बर्फ कुणी बघितला.

आज संध्याकाळी साताऱ्याहून त्याचा फोन, "जेवलीस का?" लेकीला सगळं सांगितलं, भीती वाटत होती खरं तर, ती म्हणाली, आई मग जेवायला बोलाव की. रविवारी येतोय. आयर्विनवर चालत जायचं ठरलंय, सायकली नसल्या तरी हळूच. भडंग मात्र ह्यावेळी कागदाच्या पुडीत घ्यायचं म्हणाला.