तुम्ही विचारलंत म्हणून: बादशहांची जोडी का टाकली

"गोव्याला हातात आलेली बादशहांची जोडी टाकून आलीस म्हणे?" असं मला सगळेच विचारतात. टाकणं म्हणजे पानं सोडून त्या डावातून बाहेर पडणं. कोथरूडला शनिवारी आम्ही नुसत्या चिप्सवर पोकर खेळतो, तिथे तर हमखास. मामा जन्मभर ब्रिज खेळलेत. त्यांनी विचारलं तेव्हा त्या प्रश्नात निदान कुतूहल होतं. नवऱ्याचे मित्र मात्र विचारतात, "वहिनी, घाबरलात का?" एखाद्या पुरुषाने तेच पान टाकलं असतं तर "काय हिशेब केलास?" असं विचारलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

गोव्याला सॅटेलाइट होतं, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंकून देणारी छोटी स्पर्धा. पाच तिकिटं, उरलेले सहा जण. पहिल्या आलेल्याला आणि पाचव्याला तिकीट एकच. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी प्रश्न विचारताना नेमकं हेच तुम्ही विसरता.

ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम: एक स्मॉल, एक बिग. ती ठरावीक वेळाने वाढत जाते, आणि कुणाकडे किती चिप्स आहेत ते बिग ब्लाइंडच्या पटीत मोजतात. माझ्याकडे अकरा ब्लाइंड होते. माझ्या डाव्या हाताला बसलेल्याकडे दोन, त्याच्या पलीकडच्याकडे चार, बाकी चिप्स तिघांकडे. मी बिग ब्लाइंडला होते. सगळ्यांनी पानं टाकली आणि माझ्या उजवीकडे स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या सर्वांत मोठ्या स्टॅकने, म्हणजे चिप्सचा सर्वांत मोठा ढीग असलेल्याने, ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. माझा एक ब्लाइंड आत होता, दहा मागे. मी पानं उचलून पाहिली: इस्पिकचा बादशहा, चौकटचा बादशहा.

आता मी काही वर्षांपूर्वीची असते तर? तेव्हा ऑनलाइन टेबलं चालू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा केंद्राचा कायदा आला, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. कर्वेनगरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसणाऱ्या त्या मुलीला पॉट ऑड्स, म्हणजे मधल्या चिप्सच्या मानाने किती टक्के जिंकलं तर खेळणं परवडतं तो हिशेब, तोंडपाठ होते. बावीसच्या पॉटमध्ये माझे दहा जाणार, म्हणजे ४५ टक्के जिंकता आलं की कॉल, समोरच्याएवढे लावून खेळायचं. बादशहा तर कुठल्याही दोन पानांविरुद्ध साधारण ८२ टक्के जिंकतात. तिने क्षणभरही विचार केला नसता, आणि साध्या टूर्नामेंटमध्ये ते बरोबरच ठरलं असतं.

पण इथे जिंकलेल्या चिप्सचं मला करायचं काय होतं? आयसीएमने, म्हणजे प्रत्येकाच्या चिप्सवरून बक्षिसाची शक्यता काढणाऱ्या मॉडेलने, मांडलं तर पानं टाकल्यावर, दहा ब्लाइंडांवर, मला तिकीट मिळण्याची शक्यता साधारण ९३ टक्के होती. कॉल करून जिंकले तर २२ ब्लाइंड आणि ९८ टक्के. हरले तर शून्य. म्हणजे पाच टक्के वाढवण्यासाठी ९३ टक्के पणाला लावायचे. ते परवडायला मला १०० पैकी ९५ वेळा जिंकायला हवं. एक्क्यांची जोडीही कुठल्याही दोन पानांविरुद्ध ८५च्या आसपास थांबते. एक्के असते तरी मी टाकले असते.

मी पानं टाकली. तीही उघडी, कारण समोरच्याला कळावं असं वाटलं की मी ब्लाइंड फुकट सोडत नाहीये. त्यानेही आपली दाखवली. आठ आणि तीन, वेगवेगळ्या रंगांची. टेबलावर हशा पिकला आणि डीलरने पुढचा डाव वाटायला घेतला. ही आठ-तीनची बातमी पुण्यात माझ्या आधी पोचली.

तेव्हा त्याच आठ-तीनवर बोलू. समजा त्याने पानं आधीच उघडी करून टेबलावर ठेवली असती. आठ-तीनविरुद्ध बादशहा दहात जवळजवळ नऊ वेळा जिंकतात. मला हवे होते ९५. त्याची पानं बघूनसुद्धा टाकणंच बरोबर होतं. हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल, आणि दरवेळी समोरचा "पण आठ-तीन गं!" एवढंच म्हणतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण ज्या क्रमाने झालं तो कुणी विचारत नाही. पुढच्याच डावात डावीकडच्या दोनवाल्यावर बिग ब्लाइंड आला. तो ऑल-इन गेला आणि जिंकला. मग चारवाला दुप्पट झाला. ब्लाइंड वाढले, माझे दहा आपोआप निम्मे झाले, आणि मोठा स्टॅक माझ्या प्रत्येक बिग ब्लाइंडवर ऑल-इन करत राहिला. जे मी बादशहांवर केलं नव्हतं ते त्याहून हलक्या पानांवर करणं शक्यच नव्हतं. ब्लाइंड पुन्हा वाढले. शेवटी बिग ब्लाइंड भरून माझ्याकडे अर्ध्या ब्लाइंडहून कमी उरलं आणि पानं आली नऊ-चार. तिथे मी कॉल केला. पानं न बघता केला असता तरी चाललं असतं. एवढं आत गेल्यावर उरलेलं वाचवून पुढचा डाव खेळायला काही शिल्लकच राहत नाही. राणी-गुलामवाला जिंकला आणि मी सहावी आले. त्या रात्री मांडवीच्या काठाने चालताना मी रडले, हेही लिहून ठेवते.

बादशहा टाकले आणि नऊ-चार खेळले, तेही एकाच खुर्चीत, एकाच रात्री. माझ्या मते दोन्ही निर्णय एकाच हिशेबातून आले होते. तुम्ही मात्र फक्त पहिल्याबद्दल विचारता.

२००३ मध्ये ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचून जिंकलेल्या ख्रिस मनीमेकरचं उदाहरणही मला देतात. २५ लाख डॉलर मिळाले त्याला. पण ते मुख्य स्पर्धेत मिळाले. तिथे चिप्सचा ढीग कामाचा असतो.

तरीही कर्वेनगरची ती मुलगी गप्प बसत नाही. ती म्हणते, तुझे ९३ आले कुठून? हे आयसीएमचं मॉडेल पोकरमध्ये आणलं मेसन मालमथने १९८७ मध्ये. त्याच्या मुळाशी असलेलं हार्व्हिलचं सूत्र १९७३चं, घोड्यांच्या शर्यतीचा क्रम मांडणारं. त्याला फक्त स्टॅक दिसतात. ब्लाइंड लवकरच वाढणार आहेत आणि उजवीकडचा माणूस तुझ्यावर दरवेळी ऑल-इन करणार आहे, हे त्याला कुठे ठाऊक? मी तिला सांगते, दोनवाल्यावर पुढच्याच डावात ब्लाइंड येणार होता, तेही सूत्राला ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्या बाजूचं होतं. ती म्हणते, आणि खरा आकडा ९३ नसून ८० असता तर? तर बादशहा बरोबर काठावर येतात: ८२ टक्के जिंकायचं, पुढे ९८ टक्के तिकीट, गुणाकार ८०. याला माझ्याकडे उत्तर नाही. मला तो आकडा ८० इतका खाली वाटत नाही, पण वाटण्यापलीकडे हातात काही नाही.

तेच स्टॅक, तोच दोनवाला डावीकडे, तर मी पुन्हा टाकीन. तो नुकताच ब्लाइंड भरून मोकळा झालेला असेल, आणि ब्लाइंड वाढायला दोनच मिनिटं असतील, तर काय करीन ते मात्र आज सांगता येत नाही. शनिवारी याल तेव्हा ते स्टॅक कागदावर मांडून आणा. "घाबरलात का" सोडून बाकी काहीही विचारा.