मामांची पत्रं मिळवताना आवक नंबरनं केलेला छळ
माझे मामा आर्किटेक्ट. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून लातूरला परत आले आणि गंजगोलाईतल्या सराफांच्या दुकानांचं इंटिरिअर करून संसार चालवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढची दोन वर्षं त्यांनी दुकानांची कामं बाजूला ठेवली आणि पुनर्वसनाची घरं कशी असावीत याबद्दल सरकारी कार्यालयाला पत्रं लिहिली. ते गेल्यावर ती पत्रं मिळवायचीच, असं मी ठरवलं.

माहिती अधिकाराचा अर्ज सोपा असतो. अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि 150 शब्दांच्या आत. महिन्यानं उत्तर आलं : 'सदर अभिलेख आढळून येत नाही.'

तो राग अजून गेलेला नाही, कारण कुणी शोधलंच नव्हतं. समक्ष गेले तर अभिलेख कक्षात उत्तर मिळालं, "ताई, नावानं इथं काही सापडत नसतंय. आवक नंबर आणा, तारीख आणा." अहो, पत्र आलं की कार्यालय टाकतं तो हा नंबर पत्रावर असतो आणि पत्रं तुमच्याकडे! चार खेपा घातल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, दोनदा नुसतंच 'पुढच्या आठवड्यात या'. त्यातच एकांनी सांगितलं की फाईल 'ब' वर्गात असेल तर 30 वर्षांनी नष्ट करतात. म्हणजे 1995 ला बंद झालेली फाईल... एसटीत बसून बोटांवर वर्षं मोजली आणि पोटात गोळाच आला.

नंबर सापडले ते घरातच. मामींच्या लोखंडी पेटीत, ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्यांखाली, कार्बन कॉप्या होत्या. मामा पत्र हातानं नेऊन द्यायचे आणि पोच घ्यायचे. प्रत्येक कॉपीच्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, आत पेनानं आवक क्रमांक आणि तारीख. म्हणून सांगते, अर्ज करायच्या आधी घरातल्या पेट्या उघडा. मी उलटं केलं. त्या उत्तराविरुद्धच्या पहिल्या अपिलाची 30 दिवसांची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

अपिलाला जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीत कॉप्या टेबलावर ठेवल्या आणि अभिलेख पाहायची परवानगी मिळाली. नंबर हातात आल्यावर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला फायलींचा गठ्ठा, वीस मिनिटांत निघाला! लाल कापडाची गाठ इतकी घट्ट बसली होती की अभिलेखापालांनी ती दाभणानं सोडवली. आत 17 पत्रं. झेरॉक्स 2 रुपये पान. (उत्तराचं पाकीटही फेकू नका, अपिलाची मुदत मोजताना ते कधी मिळालं हे दाखवावं लागतं.)

1994 च्या एका पत्रात मामांनी लिहिलंय की माणसं दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, ओझ्याखाली, तेव्हा भिंतींना काँक्रीटचा पट्टा हवाच. पण नव्या घराला ओसरी द्या, ज्वारीच्या कणगीला जागा द्या. समासात निळ्या शाईनं देवळी, म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा, काढलीय, 9 इंच रुंद, 12 इंच उंच. तिच्याखाली बारीक अक्षरात : 'दिवा जमिनीवर ठेवायची वेळ आणू नका.'

मामींना ते पान दोनदा वाचून दाखवलं.